कोरी नळी

मंगळवार, ७ ऑक्टोबर

दाजींना नमस्कार.

ताईचा खोकला थांबला का? मी बरा आहे. बोटांची सालं निघायची, तेही थांबलंय.

तुम्हाला प्रयोगशाळेतून काढून आज बारा दिवस झाले. ताई म्हणते, माझं नाव निघालं की तुम्ही उठून जाता. तरी एवढं वाचा.

तुम्ही मुद्दाम चाचणी बिघडवता हा माझा संशय उगाच नव्हता, हे आधी मांडतो. शरीरातलं एन्झाइम जे काम करतं, ते मॅडमचं जस्ताचं संयुग करतं. कीटकनाशकातला फॉस्फेटचा बंध तोडतं. चाचणीत बंध तुटला की पाणी पिवळं होतं. एक नळी कोरी ठेवायची, जस्ताशिवाय. ती स्वच्छच राहायला हवी. ती तीनदा पिवळी झाली, आणि तिन्ही वेळा नळ्या तुम्ही भरल्या होत्या. मी तारखा टिपल्या. जुलैत तुम्ही मॅडमशी भांडलात, तेही काचेतून पाहिलं होतं. मी वही त्यांच्यापुढे ठेवली.

"घरच्या माणसाबद्दल सांगतोयस. खात्री आहे?"

मी हो म्हणालो.

जाताना तुम्ही म्हणालात, "शाबास मेहुणे! आधी मला विचारायला तोंड दुखत होतं का?"

काल कोरी नळी पुन्हा पिवळी झाली. मग मी तुमच्या जागी आलेल्या मुलीवर नजर ठेवली. ती म्हणाली, "माझ्या हातांवर काही लिहिलंय का?" तिने खोक्यातली नवी नळी घेतली. ती स्वच्छ राहिली.

"धुतलेल्या नळ्यांत जस्त उरतंय. ॲसिडात भिजवता ना?" तिने विचारलं.

मी पुन्हा हो म्हणालो.

दाजी, हातमोजे फाटले होते. ॲसिडने बोटं सोलायची. म्हणून ऑगस्टपासून मी नळ्या नुसत्या साबणाने धुतो, आणि धुलाईच्या तक्त्यावर 'ॲसिड झालं' लिहून सही करतो. जस्त कणभर उरलं तरी बंध तोडत राहतं, स्वतः संपत नाही, हे मला ठाऊक होतं. तुम्हीच शिकवलं होतंत.

आज स्टोअरवाल्याने पाकीट दिलं. "तुझ्या मापाचे हातमोजे. जुलैत तुझे दाजी मॅडमशी भांडले, तेव्हा कुठे मंजूर झाले."

हे पत्र पेटीत टाकून मॅडमकडे जातोय. तक्ता घेऊन. त्यावरच्या सगळ्या तारखा माझ्या आहेत.

पाकीट फोडलेलं नाही.

तुम्ही अजून म्हणू द्याल तर,
तुमचा मेहुणा