बिनपगारी रजेतले रविवार

१७ नोव्हेंबर १९९६, रविवार

पुन्हा मोहीम! सहाला उठवलं. बाहेर धुकं, आणि सुधाकर शिट्टी वाजवत थर्मासमध्ये चहा भरतोय. "चला, पक्षी वाट बघतायत!"

ओखल्याला यमुनेच्या बंधाऱ्यावर दोन तास उभे. पाण्यावर साबणासारखा फेस, वास असा की नाकावरचा रुमाल काढवेना. पक्षी होते, पण लांब, ठिपक्यांएवढे. दुर्बीण अर्थात त्याच्याच हातात. सुखदाचे पाय गारठले. "पापा, घर चलो ना." मला आई म्हणते अजून, त्याला पापा. दीड वर्षात एवढं झालं.

पुण्यातही दर रविवारी तो सिंहगडावर जायचाच. तेव्हा माझी काही तक्रार नव्हती. त्याचा रविवार होता तसा माझा सोमवार होता — एफ.वाय.चं प्रॅक्टिकल, मायक्रोस्कोपवरून भांडणाऱ्या मुली, हाताला स्पिरिटचा वास. इथे उत्तरेत सोमवारी मी गच्चीवर कपडे वाळत घालते. समोर रिकामे प्लॉट, विटांचे ढीग, आणि ज्यांना अजून माणसं मिळाली नाहीत असे रस्त्यावरचे दिवे.

दोन वर्षं म्हणाला होता. कंपनी नवी, पद मोठं, दोन वर्षांत परत. त्या शब्दावर मी बिनपगारी रजा घेतली. जूनमध्ये संपते.

१ डिसेंबर, रविवार

बडखल तलाव. उंटावर बसवलं मला! बळेच. फोटो काढला. "हस की जरा!" हसले. फोटोत कळणारही नाही.

२३ डिसेंबर

वीज नाही सकाळपासून. पाणीही नाही.

१२ जानेवारी १९९७, रविवार

दमदमा तलावावर गेलो. त्याच्या ऑफिसातला राजीव आणि त्याची बायको वीणा बरोबर. उन्हात सतरंजी, छोले, मुळ्याचे पराठे. वीणा चांगली आहे, खरं तर. पण बोलता बोलता म्हणाली, "आपने तो कॉलेज छोड़ ही दिया ना? अच्छा किया."

मी म्हटलं, "छोडा नहीं. छुट्टी पर हूँ. जून में वापस."

ती सुधाकरकडे बघायला लागली. तो संत्रं सोलत होता. अख्खं संत्रं सोलून होईपर्यंत मान वर केली नाही.

गाडीत विचारलं, हिला असं कोणी सांगितलं? "अगं, लोक काहीही धरून चालतात. सोड ना यार."

यार! बायकोला यार म्हणतो आता.

९ फेब्रुवारी, रविवार

अरवलीत भटकंती. डोंगर म्हणायचं त्याला. जिकडे बघावं तिकडे विलायती किकर, बाभळीसारखा, परका, काटेरी, दुसऱ्या कशाला उगवू न देणारा. एका घळीत मात्र पळस दिसला, कळ्या धरलेला. इतकी धावले की ओढणी काट्यात फाटली. सुखदाला फांदी दाखवली, पानं तीन-तीन का ते सांगितलं. ती मन लावून ऐकत होती! म्हणाली, "आई, तू टीचरसारखं बोलतेस."

मी टीचरच आहे, बाळा.

हे मोठ्याने म्हटलं नाही. का नाही म्हटलं?

२ मार्च, रविवार

हेमलताबाईंना — आमच्या विभागप्रमुख — फोन करायला एसटीडी बूथवर गेले. लागला नाही. परत येणार की नाही ते ३१ मार्चच्या आत कळवायचंय. सुधाकरला विचारलं, आपलं काय ठरतंय? म्हणाला, बघू. कंपनी मला इतक्यात सोडणार नाही.

"मग मी आणि सुखदा जातो."

वर्तमानपत्र घडी करून ठेवलं आणि गाडी धुवायला गेला. गाडी कालच धुतली होती.

१६ मार्च, रविवार



फरीदाबादच्या मागे दगडाच्या जुन्या खाणी आहेत. खोदून सोडून दिलेल्या. तळाशी पाणी साठलंय, निळंशार. सुधाकरला ऑफिसात कोणीतरी सांगितलं. काठ सरळ तुटलेला, एका बाजूला तेवढी उतरायला वाट. मी म्हटलं, नको. सुखदा म्हणाली, "मुझे नहीं उतरना." तो कपडे काढून उतरलासुद्धा. "अगं, कालव्यात पोहायला शिकलोय मी!"

मध्यावर गेला. हात हलवला. आम्हीही हलवला. मग कळलं — तो आम्हाला हात करत नव्हता.

पाणी वर ऊन, खाली बर्फ. पायात गोळा आला होता. कसाबसा समोरच्या कडेला पोचला, पण धरायला काही नाही, गुळगुळीत दगड. मी धावत वळसा घातला. ओढणी सोडली, सतरंजीला गाठ मारली, टोक त्याच्याकडे सोडून दगडावर पालथी पडले. मी घसरायला लागले तर सुखदा माझ्या पोटऱ्यांवर बसली. दहा वर्षांची पोर! "आई, मैंने पकड़ा है! मैंने पकड़ा है!"

किती वेळ गेला माहीत नाही. एकदा त्याचं डोकं पाण्याखाली गेलं. तेव्हा मी काय ओरडले ते सुखदा सांगत नाही.

वर आला. ओकला. गुडघे सोलवटलेले. मग माझ्या मांडीत तोंड खुपसून रडला. चौदा वर्षांत पहिल्यांदा. "विनया, मला एकट्याला टाकून जाऊ नकोस. मी इथे एकटा नाही राहू शकत."

गाडी मी चालवत आणली. पहिल्या गिअरमध्ये जवळजवळ सगळा रस्ता.

२० मार्च

ताप उतरला त्याचा. सुखदा त्याला सोडत नाही. बाथरूमच्या दाराशी उभी राहते.

२९ मार्च, शनिवार

राजीनामा लिहिला. स्वतःच्या हाताने. कोणी सांगितलं नाही, त्याने तर विषयही काढला नाही. चार कागद फाडले. पंधरा वर्षांची नोकरी पाच ओळींत बसली.

रडू आलं नाही. उलट हलकं वाटलं. हा निर्णय माझा आहे. मला ओढून आणलेलं नाही, मी राहतेय. रजिस्टर्ड पोस्टाने टाकला. घरी येऊन त्याला सांगितलं.

त्याचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, भरून आलं असेल. "कशाला पाठवलंस? मला विचारायचं तरी," म्हणाला. मी त्याचा हात धरला. बिचारा!

१३ एप्रिल, रविवार

बागेत गेलो फक्त. भेळ केली होती. मी आपणहून हसले. फोटो कोणी काढला नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

सकाळच्या टपालाने कॉलेजचं पत्र आलं. उतरवून ठेवते.

"आपला दि. ६ जानेवारीचा राजीनामा महाविद्यालयाने यापूर्वीच मंजूर केला असून आपल्या जागी नेमणूकही झाली आहे. मंजुरीचे पत्र आपण कळविलेल्या, आपल्या पतींच्या कार्यालयाच्या पत्त्यावर पाठविले होते. २९ मार्चच्या दुसऱ्या पत्राचे प्रयोजन समजले नाही."

सहा जानेवारीला मी काहीही लिहिलेलं नाही.

सुधाकर साडेसहाला येतो. सुखदाची शाळा दोनला सुटते. आज मी आणायला जाते. दोघींची बॅग भरून झाली आहे.