ज्युबिली, बाबांचे कान आणि मी

पॉपॉ ओढा, केंटकी
नोव्हेंबर, रविवार दुपार

प्रिय झेल्फा आत्या,

तुला आणि व्हर्जिल आतोबांना अर्डिथचा मनापासून नमस्कार. डेटनच्या थंडीत तुझा गुडघा पुन्हा कुरकुरायला लागल्याचं वाचून आईला आणि मला वाईट वाटलं. आई म्हणते, मोहरी वाटून लेप लाव आणि कारखान्यातल्या डॉक्टरवर फार विसंबू नकोस. (मी म्हणते, डॉक्टरचंही ऐक आणि लेपही लाव; शिकलेल्या माणसाने दोन्ही बाजूंचा विचार करावा.) इकडे सगळे खुशाल आहेत. यंदा काकवी छान उतरली, तुझी बरणी बाजूला काढून ठेवली आहे. गाय आटली आहे. बाबांची तब्येत उत्तम, आणि ज्युबिलीची तू विचारू नकोस असं म्हणणार होते, पण तू आधीच विचारलंस.

पहिल्याच पानावर विचारलंस, आत्या. "अर्लिसची ज्युबिली कशी आहे?" माझ्या शाळेची चौकशी शेवटच्या पानाच्या समासात होती, आडवी लिहिलेली. मी कागद फिरवून ती वाचली. मी रागावलेली नाही. एका शिकारी कुत्रीचा हेवा करण्याइतकी मी कोत्या मनाची असते, तर चार वर्षं कॉलेजात काय केलं असं कुणीही विचारेल. मी फक्त वस्तुस्थिती लिहिते आहे. ती वाचून झाली की मोठी बहीण या नात्याने तू बाबांना एक खरमरीत पत्र लिहावंस: ज्युबिलीला तुझ्या शिकार मंडळातल्या होबार्टच्या गळ्यात बांध (त्याला ती कधीपासून हवी आहे), घरात एक मुलगीही आहे. उन्हाळ्यात तू तिचं पिल्लू घेऊन निघालीस तेव्हा मी तुला बजावलं होतं. आता ते दिवसभर गळा काढतं आणि भिंतीपलीकडची बाई झाडूने भिंत बडवते, हे वाचून मला वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. त्या घराण्याला सवयच आहे, सगळ्यांनी आपलंच ऐकावं अशी.

आता मे महिन्यातल्या माझ्या पदवीदानाबद्दल. आपल्या घरातली ती पहिली पदवी (आणि माझ्या माहितीप्रमाणे ओढ्याच्या दोन्ही काठांवरचीही). बाबांनी त्यासाठी नवा पांढरा शर्ट आणला होता. निघायच्या आदल्या संध्याकाळी ज्युबिली व्यायला झाली. बाबा तिच्या उशाशी बसून राहिले आणि आई एकटी बसने आली. तिथे ती सगळ्यांना सांगत होती, यांना अचानक ताप आला. शर्टाचं काय झालं ते मला फार उशिरा कळलं. तो पिल्लांखाली अंथरला होता. म्हणजे तुझ्याकडे जे रडतं आहे, ते माझ्या पदवीच्या शर्टावर वाढलेलं आहे. पदवीचा कागद आईने चौकटीत बसवून घेतला, आणि बाबांनी तो घरातल्या सगळ्यांत भक्कम खिळ्याला टांगला, एवढं मी मान्य करते. पण तो खिळा ज्युबिलीच्या पट्ट्याचा. पट्टा अजूनही त्यालाच लटकतो, बरोबर माझ्या नावावर. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं की कॉलेजाने कुत्रीलाच काहीतरी दिलं.

हेही मी सोसलं असतं. खरं दुखणं बाबांच्या कानांचं आहे. खाणीत सुरुंग लावून लावून त्यांचा एक कान गेला आणि दुसरा अर्धा उरला, हे तुला ठाऊकच आहे. जेवताना मीठ मागायचं तर आई त्यांच्यापुढे हात नाचवते. पण अंधार पडला, ज्युबिलीला रानात सोडलं आणि बाबा ओसरीवर डोळे मिटून बसले, की त्यांना डोंगरापलीकडचं ऐकू येतं. "माग लागला," म्हणतात. "ओढ्यात उतरली. रॅकून म्हातारं आहे, पाण्यातून पळून चकवतंय. नाही चकली. गेलं झाडावर." (माग काढताना ज्युबिली लांब हेल काढते आणि रॅकून झाडावर चढलं की बुंध्याशी उभी राहून तुटक तुटक भुंकते, हे मलाही कळतं, त्यासाठी एवढं भारावून जायचं कारण नाही.) आणि मी? मी त्याच ओसरीवर, हाताच्या अंतरावर बसून, ग्रामीण भागात वाचनाची गरज या विषयावरचा माझा लेख त्यांना वाचून दाखवला. शेवटी ते म्हणाले, "हं." मी आईकडे तक्रार केली. ती घेवडा निवडत होती. वर न बघताच म्हणाली, "तुला ऐकवायचंच असेल ना बाई, तर झाडाशी जा आणि भुंक." शिक्षिकेच्या पेशाला ते शोभणार नाही, असं मी तिला शांतपणे सांगितलं.

लेख वाचायला कारण होतं. एल्झी स्प्राउलच्या दुकानामागे एक खोली पडून आहे, तिला चार भिंती आहेत आणि छप्पर नाही. तिथे मला वाचनालय काढायचं आहे. कॉलेजाने काढून टाकलेली पुस्तकं मी खोक्यांतून आणली आहेत आणि सध्या ती आईच्या पलंगाखाली ओल धरताहेत. खोली द्यायला एल्झी तयार आहे, पण छप्पर घालायला माणसं हवीत. म्हणून मी चर्चमध्ये कालच्या आधीच्या शनिवारी संध्याकाळी भाषण ठेवलं. दिवस फार विचार करून निवडला होता: मका घरात आलेला, डुकरं कापायला अजून वेळ, चर्चचा मेळावा होऊन गेलेला, म्हणजे कुणाला सबब उरू नये. बाबा "येतो" म्हणाले होते. मी ते त्यांच्या बऱ्या कानाशी दोनदा वदवून घेतलं होतं. आत्या, माझ्यासाठी छपराइतकंच तेही महत्त्वाचं होतं. माणसांनी भरलेल्या जागेत मी उभी राहून बोलते आहे आणि बाबा ऐकताहेत, एवढं एकदा व्हायला हवं होतं.

पण मी चंद्र बघितला नाही. पॉपॉ ओढ्यावर जन्मलेल्या मुलीने थंडीतल्या अमावास्येचा शनिवार भाषणासाठी निवडावा, यापेक्षा मोठा वेडेपणा नाही. रॅकून काळोखात मोकळं फिरतं, आणि शिकार मंडळाची चषकाची स्पर्धा नेहमी त्याच शनिवारी असते, हे मी कॉलेजात राहून साफ विसरले. बाबांनी दिवसभर काही सांगितलं नाही. संध्याकाळी बघते तर खिळ्यावर पट्टा नव्हता, आणि माझं नाव स्वच्छ दिसत होतं.

चर्चमध्ये आई होती, पाद्रीबाई होत्या आणि शेगडी होती. पाद्रीबाईंना लगेच डुलकी लागली. मी "बंधुभगिनींनो" म्हणून सुरुवात केली आणि थांबले, कारण बंधू एकही नव्हता. मग मला वाटलं, लोक ज्ञानाकडे येत नसतील तर ज्ञानाने लोकांकडे जावं. (हे वाक्य मी नंतर भाषणात घातलं.) सगळे पुरुष डोंगराच्या सोंडेवर शेकोटी करून कुत्र्यांचे आवाज ऐकत बसले असणार; तिथे जाऊन बोलायचं मी ठरवलं. आईने मक्याची भाकरी रुमालात बांधून दिली आणि सांगितलं, ओढ्याच्या डाव्या काठाने जा. मी उजव्या काठाने गेले, कारण तो रस्ता जवळचा होता. तो जवळचा आहे, पण मधे लॉरेल ओहोळ आडवा येतो हे मी विसरले होते. मी घसरले, कंदील विझला, भाषणाच्या कागदांचा लगदा झाला आणि भाकरी पॉपॉच्या माशांना मिळाली. झुडपात काहीतरी फुसफुसलं. रानडुक्कर असेल असं समजून मी हाताला लागलेल्या तिरक्या सिकॅमोरच्या झाडावर चढले. (अस्वल असतं तर चढून काही उपयोग नव्हता, हे मी स्वतःच वर्गात शिकवते.)

तिथे मी फांदीला मिठी मारून बसले असताना लांबून ज्युबिलीचा हेल आला. तो मीही लगेच ओळखला. इतका आत्मविश्वास दुसऱ्या कुणाच्या गळ्यात नाही. त्या वेळी खोऱ्यातला प्रत्येक पुरुष श्वास रोखून तिला ऐकत होता. मला जे वाटलं त्याला मत्सर म्हणणं योग्य होणार नाही, पण दुसरा शब्द मला अजून सापडलेला नाही. "वाचवा, वाचवा" ओरडणं मला पटेना. भाषण मात्र पाठ होतं. मी ते सुरू केलं, अगदी पहिल्यापासून, छातीत असेल नसेल तेवढा आवाज लावून.

पुढचं मला काल होबार्टने दुकानात सांगितलं, म्हणजे अर्धं वजा करूनच घ्यायला हवं. स्पर्धेचा नियम असा की अंधारात कुत्रं बोललं की मालकाने आवाजावरून त्याचं नाव पुकारायचं. जो आधी पुकारेल त्याला जास्त गुण, चुकला तर गुण जातात. एल्झी पंच होता. माझा आवाज आला तेव्हा होबार्ट म्हणाला, रानमांजर आहे. एल्झी म्हणाला, घुबड. बाबांनी हात वर केला.

"गप्प बसा. ती माझी आहे."

"तुझी ज्युबिली पलीकडच्या उतारावर आहे, अर्लिस," एल्झी म्हणाला.

"ज्युबिली कोण म्हणतंय? अर्डिथ. लॉरेलच्या ओहोळापाशी, तिरक्या सिकॅमोरवर. पाय भिजलेत. घाबरलेली नाही, चिडलीय."

होबार्ट म्हणतो, आम्ही लगेच उठणार होतो, तर अर्लिसने आम्हाला खाली बसवलं. म्हणाला, थांबा, ती अजून मुद्द्यावर यायचीय. आणि ते सगळे बसून राहिले, आत्या. मी झाडावर कुडकुडत असताना.

त्यांना उठवलं ते ज्युबिलीने. ती ताज्या मागावर होती, रॅकून पुढ्यातच होतं, तिच्या जवळपास दुसरं कुत्रं नव्हतं. आणि ती मधेच गप्प झाली. थोड्या वेळाने माझ्या झाडाखाली काहीतरी धापा टाकत आलं, पुढचे दोन्ही पाय बुंध्यावर ठेवलेले मला चाहुलीने कळले, आणि तुटक भुंकणं सुरू झालं. मी छपराच्या मुद्द्यावर आले होते. आम्ही दोघी एकदमच बोलत होतो, पण मी थांबले नाही, आणि तीही नाही.

चालू माग सोडून भलत्याच गोष्टीमागे जाणारं कुत्रं बाद होतं. हरणामागे गेलेलं कुत्रं एल्झीने पाहिलं होतं, सशामागे गेलेलंही. मास्तरणीमागे गेलेलं त्याने पहिल्यांदाच पाहिलं. ज्युबिली बाद झाली आणि चषक होबार्टच्या डीकनला मिळाला. त्या कुत्र्याचा आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा आहे. बाबा कंदील घेऊन सगळ्यांच्या पुढे आले आणि त्यांनी आधी कुणाला थोपटलं ते मी लिहीत नाही. मग कंदील वर करून म्हणाले, "उतर. डाव्या पायाखाली खाच आहे." कोट मला दिला. घरापर्यंत ज्युबिली पूर्ण वाट आम्हा दोघांच्या मधून चालली.

आता तूच सांग, मला काय मिळालं? दुकानात बायका भेटतात आणि विचारतात, बिचारी ज्युबिली कशी आहे, मनाला फार लावून घेतलं का तिने. मला नुसतं सर्दीचं विचारतात. म्हणून बाबांना पत्र लिहिण्याचं तेवढं विसरू नकोस. शब्द कडक असू देत.

आईचा नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझी भाची
अर्डिथ

ता. क. होबार्ट चषकाच्या आनंदात फळ्या देतो आहे आणि पुढच्या शनिवारी सगळे पुरुष छप्पर घालायला येणार आहेत. शेकोटीपर्यंत माझं भाषण छपरापुरतं ऐकू गेलं, बाकीचं वाऱ्याने नेलं. त्यामुळे छप्पर घालायचं आहे हे त्यांना पक्कं ठाऊक आहे, ते कशावर आणि कशासाठी हे मात्र कुणी विचारलेलं नाही. मीही सांगत नाही.

दुसरा ता. क. पाकीट चिकटवणार होते तेवढ्यात जेवायला हाक आली. जेवताना बाबा एकाएकी म्हणाले, "सुरुवातीला हेल फार लांब लावतेस. माग काढताना चालतं. झाडापाशी आलं की तुटक बोलावं. छपराचं बोललीस ते तसं होतं." मी त्यांना विचारलं, एवढ्या लांबून, त्या अर्ध्या कानाने, मीच आहे हे कळलं कसं. ते म्हणाले, "या ओढ्यावर 'तथापि' दुसरं कोण म्हणतं?" मग त्यांनी मीठ मागितलं. मी मीठ पुढे केलं आणि नाक पुसलं, सर्दीमुळे.

तिसरा ता. क. बाबांना ते पत्र लिहू नकोस. लिहून झालं असेल तर पेटीत टाकू नकोस. टाकलं असलंस तर कल्पना तुझीच होती असं म्हण. त्याऐवजी एक कर. ते पिल्लू खोक्यात घालून (खोक्याला भोकं पाड) शुक्रवारच्या बसने धाड. तुझी शेजारीण तुला दुवा देईल. शर्टाचा विचार केला तर ते तसंही माझंच आहे. बाबांना यातलं अक्षरही कळवू नकोस. मी त्याला शाळेच्या लाकडाच्या खोपटात ठेवीन आणि त्याचा आवाज नीट शिकून घेईन. मग एका काळोख्या रात्री बाबा ओसरीवर डोळे मिटून बसलेले असतील, डोंगरापलीकडून ते बोलेल, आणि एकदा, फक्त एकदाच, त्यांच्या आधी मला त्याचं नाव पुकारायचं आहे. नाव अजून ठरलेलं नाही. तोवर त्याला मनसोक्त रडू दे, गळा तयार होतो; तथापि, गोड काही घालू नकोस, आवाज बसतो.