उकंड्यावरची बाग

१६ जानेवारी १९६२

न्हाणीमागची उकिरड्याची जागा चार काड्या रोवून आखली. सासूबाईंनी चारही उपटल्या आणि चुलीत घातल्या. म्हणाल्या, "उकंड्याले हात लावशील तर हात तोडून टाकीन." मी म्हटलं, तोडा, पण आधी तिथं भाजी लावू द्या. फुंकणी फेकून मारली. कानाला चाटून गेली.

१७ जानेवारी

कान सुजला. ह्यांनी पाहिला. मग भाकर मागितली.

२० जानेवारी

बागेचं पुन्हा मांडून पाहिलं. न्हाणीचं पाणी नुसतं वाहून जातं, ते पाटानं वळवायचं. भिंतीशी दोडक्याचा मांडव. मधे वांगी, भेंडी. कुंपणावर कारली. पाटाच्या तोंडाशी कोथिंबीर, तिथं ओल राहते. फेब्रुवारीत बी पडलं तर पाडव्यानंतर घरची भाजी. घरात मी हेच बोलते, दिवसभर बोलते, सगळ्यांना वीट येईल इतकं.

खरं इथं लिहिते. मला दोडके नकोत. मला तो उकंडा तिथून गेलेला पाहिजे. पाडव्याच्या सुमाराला मी बाळंत होणार. तोवर त्या कोपऱ्यात शेणाचा कण राहता कामा नये.

मागच्या साली मुलगा झाला होता. गोरा, भुकेला. सासूबाईंनी तिसऱ्याच दिवशी त्याला उघडा नेऊन उकंड्यावर लोळवला आणि नाळेला तिथलीच माती लावली. का, तर पोरगं जगावं. ह्यांच्या आधीची तीन लेकरं गेली होती म्हणे, मग हे झाले तेव्हा ह्यांना असंच उकंड्यावर टाकलं, परक्या बाईनं उचलून आणून दिलं, आणि नाव ठेवलं उकंडा. हे जगले. आता उकंडराव झाले, दोन बैलजोड्यांचे मालक. माझा नाही जगला. बारशाच्या आधीच त्याचं तोंड मिटलं ते मिटलंच. दूध ओढेना. अंग लाकूड झालं, कोणी नुसतं दार लोटलं तरी ताठायचा. दवाखान्यातली नर्सबाई मला बाजूला घेऊन म्हणाली, "धनुर्वात होता. शेणामातीत असतो तो. नाळेतून आत गेला."

मी घरी येऊन तसंच सांगितलं. हे म्हणाले, "माह्या मायनं मारलं म्हनतं काय तू?" त्या दिवशीचा दात अजून हलतो.

माहेरी जळगाव जामोदला आई नाही. बाबांनी दुसरं लग्न केलं. आणि कुठंही बाळंत झाले तरी पोर शेवटी याच घरात येणार, याच म्हातारीच्या हातात.

२७ जानेवारी

शेजारच्या सोजराबाईंनी दोडक्याचं बी दिलं, गेल्या वर्षी वाळवून ठेवलेलं. सासूबाईंनी विचारलं, कुठं लावणार? म्हटलं, तुमच्या डोक्यावर. पाठीत बुक्की बसली.

२९ जानेवारी

चटणी वाटत होते. सासूबाई पाठमोऱ्या बसून गहू निवडत होत्या. मान बारीक आहे त्यांची. हातात वरवंटा होता. पुष्कळ वेळ होता. इतकंच लिहिते.

२ फेब्रुवारी

आज ह्यांच्याशी सरळ बोलले. उकंडा काढा, दुसरीकडं करा, गावाबाहेर शेतात करा. जागा भाजीला द्या. हे म्हणाले, वरचं खत तर दरसाल शेतात जातंच. मी म्हटलं, तळाचं काढा.

तळाचं कोणी काढत नाही. ह्यांच्या जन्मापासून काढलेलं नाही. तळात ह्यांचा जीव ठेवलेला आहे, तो हलवला की हे गेले, असं सासूबाईंनी ह्यांना चड्डीत असल्यापासून सांगितलं आहे. चाळीस गावच्या बैलांना न भिणारा माणूस शेणाला भितो. हे मी तोंडावर बोलले. चुकलं. बैलाचा कासरा काढून मारलं. पाठ फिरवून, पोट भिंतीकडं करून उभी राहिले. ह्यांना बहुतेक ते कळलं असावं, कारण मधेच थांबले.

५ फेब्रुवारी



हे आणि सासूबाई बाजाराला गेले तशी मी कुदळ घेऊन मागं गेले. पदर खोचला आणि तळाला हात घातला. काळं, गरम, वाफ निघणारं. घाव घातला की बरं वाटत होतं. प्रत्येक घावाला मी शिवी दिली, आजवर तोंडातून न काढलेल्या शिव्या दिल्या. कंबरेएवढा खड्डा केला.

सासूबाई आधी परतल्या. वरूनच माझा अंबाडा धरला आणि ओढला. मी त्यांच्या मनगटाला चावले. रक्त आलं तरी सोडलं नाही. त्या ओरडत होत्या, "माह्या पोराचा जीव खंदून राह्यली वं हे!" मग हे धावत आले, चपला दारात टाकून. मला कमरेत लाथ घातली. पोटात नाही, कमरेत. कुदळ धरली. मी सोडेना. हेही सोडेनात. अशी ओढाओढ चालली आणि माझा हात निसटला. कुदळ ह्यांच्या पायावर बसली. अंगठ्याजवळ, हाडापर्यंत.

हे खाली बसले. सगळं रक्त त्या शेणात गेलं.

सासूबाईंनी तिथलीच मूठभर माती उचलून जखमेत दाबली आणि लुगड्याच्या चिंधीनं बांधली. मी बघत राहिले. 

६ फेब्रुवारी

सकाळी जेवायला वाढताना म्हटलं, खामगावला दवाखान्यात चला, सुई घ्या. मुलाला जे झालं ते या मातीनंच झालं.

ताट फेकलं. वरण माझ्या मांडीवर. "उकंडा माह्यं काय वाकडं करते? मी त्याचाच आहो."

८ फेब्रुवारी

आज जे झालं त्यावर माझा अजून विश्वास बसत नाही. सासूबाई पहाटेच मागं जाऊन बसल्या होत्या. आल्या त्या शांत. मला म्हणाल्या, "रगत पाहिजे होतं त्याले. घेतलं त्यानं. आता माह्या पोरावर त्याचा हक्क राह्यला नाही. काढा."

तळापासून? मी विचारलं.

"हाव. तळापासून."

स्वतः नारळ फोडला. खोबऱ्याचा पहिला तुकडा मला दिला. मनगटावर माझे दात अजून दिसत होते.

मी चुलीपुढं बसून राहिले. सुईचं पुन्हा काढावं, असं अगदी ओठावर आलं. पण जखमेत विष आहे म्हटलं असतं तर म्हातारी म्हणाली असती, म्हणजे त्याचं अजून पोट भरलं नाही, राहू द्या उकंडा. मग पाडवा आला असता. मग माझं लेकरू पुन्हा त्या शेणात.

पाय बरा दिसत होता. सूज नव्हती. मी भाकरी केल्या.

९ फेब्रुवारी, वसंतपंचमी

चार गाड्या भरून गेल्या. ह्यांनी स्वतः हाकल्या, लंगडत. तळाला पिवळी माती लागली तेव्हा मला रडू आलं. सोजराबाई म्हणाल्या, बाई, खतासाठी कोणी रडते काय. मी सगळीकडं चुना फेकला. मग शेताच्या कडेची चांगली माती आणून पसरली.

११ फेब्रुवारी

वाफे झाले. ह्यांनी बाभळीच्या मेढी रोवून मांडव उभा केला, माझ्या आखणीपेक्षा हातभर रुंद. म्हणाले, दोडका पसरते, त्याले जागा लागते. खामगावहून कोणाकडून तरी भेंडीचं बी मागवलं होतं, मला न सांगता. बी मी टाकलं, माती ह्यांनी लोटली. सासूबाई ओट्यावर बसून सांगत होत्या, खोल नको, खोल नको.

दुपारी मांडवाच्या मेढीला टेकून हे अचानक म्हणाले, "या खेपेले पोराचं नाव मी ठेवीन. साधं ठेवीन. अनंत नाहीतर कायी." मी विचारलं, काऊन? मेढीची साल नखानं सोलली. मग म्हणाले, शाळेत पोरं शेणाचे गोळे मारत. नाव घेत आणि मारत. मास्तरही हसत. "म्या मायले कधी सांगतलं नाही."

इतक्या वर्षांत ह्या माणसाचं मला काही आवडलं असेल तर हे. चिंधी बदलून दिली. जखम वरून मिटली होती. मी जास्त दाबून पाहिलं नाही.

१२ फेब्रुवारी

पाटाचं पाणी दोनदा फिरवलं. मान अवघडली म्हणत होते, मेढी ठोकून. तेल चोळलं.

१३ फेब्रुवारी

सकाळी ह्यांनी भाकरीचा तुकडा तोंडाशी नेला आणि दात उघडेनात, तो आत जाईना. सासूबाई म्हणाल्या, "हासून काऊन राह्यला रे?"

हे हसत नव्हते.

गडी, निवृत्ती, गाडी जुंपतो आहे. सासूबाई माझ्याकडं बघून विचारतात, काय झालं त्याले, तुले ठाऊक आहे काय. मला ठाऊक आहे. मी एकदा म्हटलं होतं. दुसऱ्यांदा म्हटलं नाही.