लाडवाचा डबा अन् हसती बाई

सोम. १२ जानेवारी
आधी आली ते शेजारची शांता. "काकू, शयरातली दोन माणसं जुने डबे पायत फिरून राह्यली." तिचं बोलणं सरत नाही तं मॅडम अन् फोटोवाला दारातच. जुन्या जाहिराती जमा करतात म्हणे. मले लय हरीक आला. चहा टाकला. माह्या डब्यावरची बाई दाखवली. लुगडं नेसलेली, काखेत लेकरू, हसत हसत ज्वारीत किडीची पावडर शिंपडून राह्यली. मामंजींनी कारंज्याच्या बाजारातून आणला होता. मॅडमले सांगितलं, तवा आमी हे पावडर ज्वारीत टाको, गोधडीत टाको, पोराईच्या डोक्यात उवांसाठी चोळो. मॅडम हसत लिहून घेत होत्या.

मंग लाडू दिले. डिंकाचे, नंदासाठी केलेले. नात बाळंतपणाले आली ना.
"कुठं ठेवता, आजी?"
म्हटलं, याच डब्यात. वरचं चित्र लेकुरवाळं हाय.
मॅडमनं लाडू बशीत ठेवला. फोटोवाल्यानं खालचे बारीक अक्षर वाचले. इष हाय म्हणे, जहर. मले मोठेच अक्षर येतात. मोठ्यात लिहिलं, धान्य शाबूत, घर हसत.
डब्याच्या सांध्यातला पांढरा चुरा तपासाले पुडीत नेला. डब्याले हात लावू नका म्हणे.

मंगळ. १३
डबा राखेनं घासला. पुन्हा फोटो काढतीन, घाण दिसली तं आपलीच शोभा. सून म्हणे, "आई, कायले घासला? नको म्हणून गेले ना ते." सांध्यातून अजून पांढरं निघते.

बुध. १४, संक्रांत
हळदीकुंकवाले बाया आल्या. साऱ्या डबाच पायत. शांता म्हणे, "आमच्या घरी बी होता. आमी मीठ ठेवो." मंग वाण न घेताच उठली. तिची पयली दोन लेकरं पाळण्यातच...
जाऊ दे. तिळगूळ इथं कोणी खाल्ला नाही. पदराले बांधून नेला.

गुरु. १५
नंदाची पोरगी लय झोपते. गुणाची हाय म्हणून मीच गावभर सांगे. वाशीमच्या डॉक्टरनं मायलेकीचं रक्त घेतलं. सुनेनं त्याले डब्याचं सांगितलं. नंदा लाडू कवापासून खाते, इचारलं. म्हटलं, बाळंत झाल्यापासून, रोज सकाळी दुधासंग. "रिपोर्ट येऊ द्या," इतकंच बोलला. येताना गाडीत सून खिडकीतून बाहीर पायत बसली.

शुक्र. १६
मॅडमचा फोन. "आजी, उरलेले लाडू फेकू नका, बांधून ठेवा." म्हटलं, फोटो कसे आले? तं दुसरंच बोलल्या.
दिवेलागणीले नंदा इचारे, "आजी, इले उठवून पाजू का नको?"
म्हटलं, पाज. मंग म्हटलं, थांब जराशी.
पोरगी काई उठली नाही अजून.
सोमवारी येतो म्हणाल्या मॅडम, तपासणीवाल्याले घेऊन.