डिस्कची नक्कल चालू असताना नळ आला

औरंगाबाद, २० एप्रिल २०१६

ती. सौ. अक्कास मधूचा साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला? कन्नडला पाणी कितव्या दिवशी येतं? (इथं पाचव्या. इमारती मात्र रोज वाढतायत.) फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

तर माझ्या कॉम्प्युटरची डिस्क टकटक वाजायला लागली. तिच्यात सतरा वर्षांत केलेल्या सगळ्या जन्मपत्रिका, शिवाय पत्रिकेचा तो जुना प्रोग्रॅम. तो नव्यानं बसवावा तर सीडी हरवलेली आणि बनवणारी कंपनी बंद. मी नवी डिस्क आणून हौसेनं सगळ्या फायली कॉपी केल्या. पत्रिका आल्या, पण प्रोग्रॅम काही केल्या उघडेना. (त्याचं चित्र मात्र ऐटीत दिसत होतं.) दोन दिवस मी जेवलो नाही असं तुझी भावजय प्रमोदिनी सांगते, माझ्या हिशेबानं एकच वेळ.

शेवटी वरच्या मजल्यावरची मृण्मयी आली. ती वाळूजला एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळते. म्हणाली, "काका, नुसत्या फायली नेऊन भागत नाही. अख्ख्या डिस्कची हुबेहूब नक्कल करू, मग काहीच नव्यानं बसवायला नको. फक्त चार तास वीज जाता कामा नये. ही जुनी मध्येच थांबली तर परत सुरू होईलच असं नाही."

रविवारी सकाळी काम लावलं. ऐंशी टक्के झालं आणि नळ आला, एक दिवस आधीच. आमची मोटार लावली की फ्यूज उडतो (संक्रांतीला तूच अंधारात बसली होतीस), आणि मोटारीशिवाय पाणी वर चढत नाही. प्रमोदिनी बटणापाशी, मी तिच्यापुढं आडवा.

"पाणी पाहिजे का पत्रिका, एकदा सांगा," ती म्हणाली.

खालचे नानासाहेब जिन्यातून ऐकत होते. म्हणाले, "वैनी, मोटार राहू द्या. आमच्या नळाला लई धार हाय. बादल्या आणा."

मग नानासाहेब, त्यांच्या वच्छलाबाई, मृण्मयी, प्रमोदिनी अशी जिन्यात रांग लागली. चाळीस बादल्या वर आल्या. मला कॉम्प्युटरपाशी बसवलं होतं, टक्के मोठ्यानं सांगायला. शंभर म्हणालो तेव्हा जिन्यात टाळ्या वाजल्या. नव्या डिस्कवर प्रोग्रॅम पहिल्या झटक्यात उघडला, शुद्धलेखनाच्या सगळ्या जुन्या चुकांसकट. वच्छलाबाईंनी सगळ्यांना चहा पाजला.

भाऊजींना नमस्कार, अमेयला आशीर्वाद.

तुझा,
मधू

ता. क. आपल्या अमेयला मृण्मयी कशी वाटेल? तिला विचारलं. म्हणाली, "भेटायला काय हरकत आहे." येत्या रविवारी त्याला पाठव.

आणखी एक. दोघांच्या पत्रिका त्याच प्रोग्रॅमवर जुळवून पाहिल्या. छत्तीसपैकी अकरा गुण आले. प्रोग्रॅम फार जुना झालाय, तू मनावर घेऊ नकोस.