बडनेऱ्याला उतरलो नाही त्याबद्दल

आदरणीय सगुणाताईस,
धाकट्या जयरामचा सप्रेम जयभीम.

तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस, की बाटलीकडे नुसती बघतेस? बुद्धभूषणची ॲसिडिटी? (त्याला सांग, मामा म्हणतो चहा सोड. मामा स्वतः चार कप पितो, ते सांगू नकोस.) रोहिणी सूनबाईंची अंगणवाडी ठीक ना? शेजारणीची कोंबडी अजून तुझ्याच सरपणात अंडी घालते का? इकडे लताची साखर ताब्यात आहे, माझी जीभ नाही. महिना झाला तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र चुलीत घालायचं तरी माणूस आधी उघडून बघतो.

झालं ते पहिल्यापासून सांगतो. सातपूरच्या कारखान्यात छत्तीस वर्षं गेली. लताला घेऊन जो काही प्रवास केला तो कुणाच्या लग्नाला, नाहीतर मातीला. नुसतं हिंडायला म्हणून एकदाही नाही. म्हणून ठरवलं, नागपूरला दीक्षाभूमी बघायची आणि वाटेत दोन दिवस तुझ्याकडे राहायचं. आता मी सातवी शिकलेला, पण छापलेलं दिसलं की सोडत नाही (भेळेचा कागदसुद्धा भेळ संपली की सरळ करून वाचतो). रद्दीत रेल्वेच्या नियमांचं पुस्तक सापडलं. त्यात लिहिलेलं, तिकीट पाचशे किलोमीटरच्या वरचं असेल तर वाटेत उतरून दोन दिवस मुक्काम करता येतो आणि त्याच तिकिटावर पुढे जाता येतं. नाशिकरोड ते नागपूर साडेसहाशे! मी कॉलनीभर सांगत सुटलो. लता म्हणाली, "अहो, दोन वेगळी तिकिटं काढा आणि मोकळे व्हा." पण माणसाला उतारवयात अक्कल सुचली की ती मिरवल्याशिवाय राहवत नाही.

अकोला सुटल्यावर टीसी आला. मी न विचारताच त्याला नियम ऐकवला. पोरगा सभ्य होता. म्हणाला, "बाबा, पुढचं पान उलटलं नाही का? आधी पाचशे किलोमीटर जायचं, मग मुक्काम. बडनेरा पावणेपाचशेवरच येतं." पंचवीस किलोमीटर कमी पडले, ताई! लता पिशव्या घेऊन दाराकडे निघालीही होती. मीच म्हणालो, "बस खाली, पुढचं तिकीट वाया जाईल."

पुढचं तुला माहीत आहे. फलाटावर तू, पांढरं इस्त्रीचं लुगडं, एका हातात काठी, दुसऱ्यात डबा. (काठी कधीपासून आली? बोलली नाहीस.) "उतर की रे," म्हणालीस. आणि मी दारात उभा राहून तुला नियम समजावत बसलो! तू डबा लताच्या हातात दिलास आणि गाडी सुटायच्या आधीच पाठ फिरवलीस. नागपूरपर्यंत लताने मला तुझ्या डब्यातलं भरीत दिलं नाही. भाकरी दिली, कोरडी. बरोबरच केलं.

पण आता तोड काढली आहे. नाशिकहून आधी उलटं इगतपुरीला जायचं आणि तिथून नागपूरचं तिकीट काढायचं. म्हणजे बडनेरा आपोआप पाचशेच्या पलीकडे जातं. या वेळी पुढची पानंही वाचली आहेत. दोन दिवस हक्काने राहू, कुणाची हरकत नाही. तेव्हा पुढच्या महिन्यात तयारीत राहा.

तुझा,
जयराम

ता. क. : लताने पत्र वाचलं. म्हणाली, "अहो, यात ताईंची माफी कुठे आहे?" चष्मा लावून शोधली, खरंच सापडली नाही. ताई, चुकलो. एक पायरी उतरायची होती आणि मी तिकीट सांभाळलं.

आणखी एक : इगतपुरी राहू दे. मी सरळ बडनेऱ्याची दोन तिकिटं काढतो. पुढचं नाही, परतीचंही नाही, ते तू जा म्हणशील तेव्हा. फक्त ये म्हण. शिव्या लिहिल्यास तरी चालतील, पण लवकर लिही.