दुसरी खुर्ची

३ मार्च
आज खुर्चीहरण झाले. तिथी, वार, नक्षत्र नोंदवून ठेवावे इतका प्रसंग गंभीर आहे. माझ्या खोलीत फळ्यासमोर दोन खुर्च्या; त्यातली मित्राची जागेवर नाही. शिपायाला विचारलं, तर म्हणाला, साहेब स्वतःच उचलून खाली घेऊन गेले.

खाली म्हणजे संगणकशास्त्र विभागात. अर्धं आयुष्य एका फळ्यापुढे गणित करत बसलो, आणि हा गृहस्थ खुर्चीसकट गेला!

४ मार्च
खालच्या नव्या प्राध्यापिका बाईंनी बोलावलं म्हणे. हुशार आहेत. (इथे पेन अडखळलं. शाई संपत आली असावी.)

७ मार्च
तंट्याचं मूळ लिहून ठेवतो. ठिपके आणि रेघांची जाळी हा आमचा जन्माचा धंदा. रेघा मोजक्याच, तरी जाळं कुठेही कापलं तर सहज दोन तुकडे होऊ नयेत. अशी जाळी असतात, हे मी तरुणपणी सिद्ध केलं: डोळे मिटून रेघा ओढा, बहुतेक वेळा चांगलंच जाळं हाती लागतं. पण ‘हे बघा, हे ते’ असं बोट ठेवून एकही दाखवलं नाही. कुणी मागितलंही नाही. यत्र यत्र धूमः, तत्र तत्र वह्निः — धूर दाखवला, अग्नी सिद्ध, आम्ही जेवायला मोकळे.

हे मोठ्या ऐटीत बाईंना ऐकवलं होतं. त्या म्हणाल्या, "आग आहे ते कळलं हो सर. पण चूल पेटवायचीय. निखारा कुठाय?"

मी हसण्यावारी नेलं. मित्र हसला नाही, विचारात पडला. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

१२ मार्च
हिला सगळं सांगितलं. भाजी निवडता निवडता म्हणाली, "म्हणजे सवत आली म्हणा की तुमच्यावर!" वर, जिना काय त्यांच्या एकट्याचा आहे, तुम्हीही उतरा की, असंही. बायकोपुढे तर्कशास्त्र काढू नये.

२० मार्च
त्या दोघांनी मिळून निखारा काढला. जाळं पायरीपायरीने वाढवत नेण्याची कृती! यंत्र चुटकीसरशी करतं. मसुदा मित्राने माझ्या टेबलावर ठेवला. आमच्यात लेखकांची नावं वर्णानुक्रमे लावतात — थोरला-धाकटा भेद नाही. दोनच नावं. माझं आद्याक्षर बरोबर मधोमध बसलं असतं. सहज आपलं पाहिलं.

२६ मार्च
चूक सापडली! जाळं वाढलं तरी त्याचा चिवटपणा घटत नाही, असं सातव्या पानावर एका ओळीत उरकलंय. ‘हे उघडच आहे.’ कुणाला उघड? घरी येताना शीळ घालत होतो. ही म्हणाली, कुणाचं वाटोळं झालं आज?

२ एप्रिल
चर्चासत्रात सगळ्यांदेखत उठून विचारलं. अगदी नम्रपणे, नम्रपणाला धार फार. बाई उत्तर द्यायला पुढे झाल्या. मित्राने हलकेच हात आडवा केला, म्हणाला, हे मी त्याच्याशी बोलतो, पुढे चला. मला वाटलं, जिंकलो.

संध्याकाळी तो खुर्ची घेऊन वर आला. सातव्या पानावरची ओळ फळ्यावर लिहिली. तिच्याखाली तीच ओळ पुन्हा, आमच्या जुन्या चिन्हांत.

"अरे, हे तुझंच प्रमेय आहे. तुझं पहिलं."

मी दोन्ही ओळी चिन्हागणिक ताडून पाहिल्या.

"तुझं नाव शेवटच्या मसुद्यात घालणारच होतो. ओळ तुझी आहे हे तुला दिसेलच, असं वाटलं."

मग इकडचं तिकडचं बोलला. जाताना खुर्ची इथेच ठेवून गेला.

३ एप्रिल
खुर्ची परत आली. आता रागवायलाही काही उरलं नाही. मत्सर परवडला. आठवडाभर त्या ओळीकडे पाहत होतो, आणि माझं स्वतःचं प्रमेय मला ओळखू आलं नाही. भीती वाटते. हिला अजून सांगितलेलं नाही.